शाळेतल्या डिजिटल तंत्रज्ञानावर संशोधन करायचंय? सोलापुरातनं सुरुवात अशी करा

पीएचडीला किंवा एमएडला नवीन लागलेली दोन-चार मुलं-मुली दरवर्षी मला मेसेज करतात, ताई टॉपिक मिळालाय, 'अध्यापनात डिजिटल तंत्रज्ञानाचा वापर', प्रश्नावली तयार आहे, जरा बघून द्या ना. उघडून बघितलं की पहिला प्रश्न ठरलेला, आपल्या शाळेत स्मार्ट टीव्ही आहे का, हो/नाही. दुसरा, तंत्रज्ञानामुळं अध्यापन प्रभावी होतं असं आपल्याला वाटतं का, पूर्णपणे सहमत ते पूर्णपणे असहमत. हे गुगल फॉर्मवर टाकायचं, शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवायचं, दोनशे उत्तरं आली की टक्केवारी काढायची आणि प्रकरण चार लिहून मोकळं व्हायचं. मला ह्या मुलांचा राग येत नाही, त्यांना कुणी दुसरं काही दाखवलेलंच नसतं. पण वरनं आलेल्या योजनेबद्दल कुणीतरी विचारतंय म्हटल्यावर कुठला गुरुजी 'असहमत' लिहिणार सांगा बरं. म्हणून मी जे करत, चुकत शिकले ते एकदा नीट लिहून ठेवते, म्हणजे नवीन माणसाचं एक वर्ष तरी वाचेल.

पहिलं काम, प्रश्न लहान करा

'डिजिटल तंत्रज्ञानाचा परिणाम' हा संशोधनाचा प्रश्न होत नाही, तो नुसता विषय झाला. माझंच उदाहरण सांगते. मी पहिल्यांदा जिल्हा परिषदेच्या एका शाळेत गेले तेव्हा भिंतीवर मोठा टीव्ही, त्यावर छान शिवलेलं कापडी कव्हर, मी वहीत लिहिलं 'स्मार्ट टीव्ही : आहे'. नंतर त्याच शाळेत आठ दिवस सलग बसले तर टीव्ही दोनदा लागला, दोन्ही वेळा गाण्यासाठी. हळूहळू कळत गेलं, टीव्ही गावानं लोकवर्गणीतनं घेतलेला, तो लावणारे तंत्रस्नेही शिक्षक बदली होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेले, इन्व्हर्टरची बॅटरी बसलेली आणि ती कुठल्या अनुदानातनं बदलायची हे कुणालाच पक्कं माहीत नाही, आणि पेनड्राईव्हमधले धडे जुन्या पाठ्यपुस्तकाचे. ह्यातली प्रत्येक गोष्ट स्वतंत्र प्रश्न आहे बघा. तंत्रस्नेही शिक्षकाची बदली झाल्यावर त्या शाळेत मागं काय उरतं? दुरुस्तीचा खर्च शाळा कुठून आणि किती दिवसांनी भागवते? पुस्तक बदललं की डिजिटल साहित्य कोण बदलतं? असा एक प्रश्न धरा, तो दोन वर्षं पुरतो.

आणखी एक सोपी कसोटी आहे, तुमच्या प्रश्नाचं उत्तर ऐकून त्या शाळेचे मुख्याध्यापक पुढच्या जूनमध्ये काही वेगळं करू शकतील का? नसतील तर प्रश्न परत तासा.

वाचायचं काय

शोधगंगेवर जुने प्रबंध फुकट मिळतात, ते वाचा पण नक्कल करायला वाचू नका, कुणी कुठल्या शाळा बघितल्या नाहीत हे शोधायला वाचा. बाहेरचं वाचायला गुगल स्कॉलर आणि एरिक (शिक्षणावरच्या संशोधनाचा ऑनलाईन साठा) हे दोन पुरे. तीन-चार अभ्यास मात्र प्रत्येकानं वाचायलाच पाहिजेत असं माझं मत आहे कारण त्यानं डोळे उघडतात.

वडोदऱ्यात बॅनर्जी, ड्युफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास गणिताचे कॉम्प्युटर गेम दिले, एका कॉम्प्युटरवर दोन मुलं, २००७ साली तो अभ्यास छापून आला. दुसऱ्या वर्षी गणितात चांगलीच वाढ दिसली, ०.४७ प्रमाण विचलन (मुलांचे मार्क सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) एवढी, पण कार्यक्रम संपून वर्ष झाल्यावर त्यातला बराचसा फायदा ओसरला. ही ओसरण्याची गोष्ट लोक सांगत नाहीत, तुम्ही सांगा. त्यानंतर लेह लिंडेन यांनी गुजरातमध्येच ज्ञानशाला नावाच्या संस्थेच्या वर्गांत बघितलं की शाळेच्या वेळेत शिक्षकांचा तास कापून तेच सॉफ्टवेअर चालवलं तर मुलं मागं पडली, आणि शाळेच्या वेळेबाहेर जादा म्हणून चालवलं तर कच्च्या मुलांना फायदा झाला. यंत्र तेच हं. फरक पडला तो त्या यंत्रानं कशाची जागा घेतली त्याच्यामुळं. दिल्लीत मुरलीधरन, सिंग आणि गॅनिमियन यांनी शाळेनंतरच्या केंद्रांमध्ये माइंडस्पार्क नावाचं सॉफ्टवेअर साडेचार महिने वापरलेल्या मुलांचा अभ्यास केला, २०१९ ला आला, गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलन वाढ, आणि कारण काय तर सॉफ्टवेअर मुलगा कुठल्या इयत्तेत बसतो ते बघत नव्हतं, त्याला प्रत्यक्षात किती येतं तिथनं सुरू करत होतं. उलट पेरू देशात गावोगावच्या शाळांत मुलांना लॅपटॉप वाटले, पंधरा महिन्यांनी तपासलं तर गणितात नाही आणि भाषेतही नाही, काहीच फरक दिसला नाही.

हे चार एका ओळीत ठेवून बघितले की आपल्याला शाळेत जाऊन काय बघायचंय ते आपोआप कळतं. टीव्ही लागला तेव्हा काय बंद झालं, हे बघायचं. गुरुजींचं फळ्यावर समजावणं बंद झालं, की मुलांचं पुस्तकातनं नुसतं उतरवून घेणं बंद झालं? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सिद्धांत म्हणून गाईड टीपॅक घ्यायला सांगतील, पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ ला मांडलेलं, म्हणजे शिक्षकाला विषय येणं, शिकवणं येणं आणि तंत्र येणं ह्या तीन गोष्टी जिथं एकत्र मिसळतात तिथं खरं काम होतं. चांगलं आहे, वापरा. पण त्याची तयार प्रश्नावली भाषांतर करून वाटू नका, तासाला बसून त्या तिन्ही गोष्टी दिसतात का ते बघा.

शाळा कुठल्या निवडायच्या

सोलापूर ह्या कामाला फार चांगला जिल्हा आहे आणि ते आपल्यालाच माहीत नसतं. परितेवाडी आपल्याच माढा तालुक्यातली. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर प्राईझ मिळाला, दहा लाख डॉलर, त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून दिली, आणि पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालायच्या त्यांच्या कामाची दखल जगानं घेतली. आज बालभारतीच्या पुस्तकातला कोड स्कॅन केला की दीक्षा ॲपवरचं साहित्य उघडतं. आता नवीन संशोधक काय करतात, सगळे परितेवाडीलाच जायला बघतात. तसं नका करू. तिथनं दहा-वीस किलोमीटरवरच्या, कुणी न बघितलेल्या शाळेत त्याच पुस्तकातला तोच कोड महिन्यातनं किती वेळा स्कॅन होतो, कुणाच्या मोबाईलवर, कुणाच्या डेटावर, हे बघा. ह्याचं उत्तर छापील कागदावर तुम्हाला सहसा सापडणार नाही.

अकरा तालुके आहेत, सगळे घेऊ नका, जीव जाईल. चार शाळा घ्या, जास्तीत जास्त सहा, आणि त्या एकमेकींपेक्षा वेगळ्या पाहिजेत. एक दोन शिक्षकी वस्तीवरची शाळा, जिथं बहुवर्ग अध्यापन चालतं. एक मोठ्या गावातली केंद्रशाळा. एक शहरातली महापालिकेची किंवा अनुदानित. आणि एक भाषेमुळं वेगळी, अक्कलकोट किंवा दक्षिण सोलापूरकडची कन्नड माध्यमाची किंवा उर्दू माध्यमाची. हे शेवटचं सोडू नका. मराठीत व्हिडिओंचा ढीग पडलाय, पण ह्या भाषांत शिकवणाऱ्या बाईंना स्वतःच्या पाठाला नेमकं जुळणारं साहित्य शोधायला किती वेळ जातो तो मोजा, हा एक पूर्ण पेपर आहे.

निवडायच्या आधी यूडायस प्लसची, म्हणजे सरकारच्या शाळानिहाय नोंदींची, माहिती बघून घ्या. प्रत्येक शाळेला अकरा अंकी कोड असतो, आपल्याकडचा २७३० नं सुरू होतो, २७ राज्य आणि ३० जिल्हा. वीज, कॉम्प्युटर, इंटरनेट सगळं त्यात असतं, पण ते शाळेनंच भरलेलं असतं हे ध्यानात ठेवा. कागदावरचा 'आहे' आणि डोळ्यांनी बघितलेला 'आहे' ह्यात जेवढं अंतर तेवढा तुमच्या प्रबंधाचा मालमसाला.

परवानगी आणि वेळापत्रक

विद्यापीठातनं, म्हणजे केगावला अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ असेल तर तिथनं, गाईडच्या सहीचं पत्र घ्या. जिल्हा परिषद शाळांसाठी प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, मग गटशिक्षणाधिकारी, मग केंद्रप्रमुख, मग मुख्याध्यापक. माध्यमिकला शिक्षणाधिकारी वेगळे, आणि संस्थेची परवानगी वेगळी लागते. पत्राच्या पाच झेरॉक्स आणि पोचवर शिक्का. एका ऑफिसात माझं पत्र तीन आठवडे सापडत नव्हतं, पोच होती म्हणून वाचले. केंद्रप्रमुखांना मात्र कागदाच्या आधी जाऊन भेटा, शाळा त्यांना आतनं माहीत असतात, आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत बसायची परवानगी मागा, तिथं अर्ध्या दिवसात जेवढं कळतं तेवढं दहा मुलाखतीत कळत नाही. डाएट, म्हणजे जिल्ह्याची शिक्षक प्रशिक्षण संस्था, आपल्याकडं वेळापूरला आहे, प्रशिक्षणाची माहिती तिथं.

कधी जायचं तेही ठरवा. जूनमध्ये प्रवेश, पुस्तकं, गणवेश, त्यात कुणाला वेळ नसतो. आषाढीच्या दिवसांत पंढरपूर, माळशिरसच्या वारीमार्गावर शाळेचं वेळापत्रक हलतं. जुलैअखेर ते सप्टेंबर हा सगळ्यात चांगला काळ, आणि परत एकदा डिसेंबर ते फेब्रुवारी. कारखाने सुरू झाले की ऊसतोडीवाल्यांची मुलं काही शाळांत येतात, काहींतनं जातात, पट बदलतो, तेव्हा 'ॲपवर नियमित सराव' ह्या शब्दाचा अर्थच बदलतो. मार्चपासनं सकाळची शाळा, उन्हामुळं, आणि बंद खोलीत प्रोजेक्टरसाठी खिडक्या लावल्या तर पोरं घामानं बेजार होतात. मी हे बघितलंय. गुरुजींनी पाच मिनिटांत खिडक्या उघडल्या, पडद्यावर काही दिसेना, मग फळ्यावर शिकवलं. माझ्या वहीतली ती सगळ्यात कामाची नोंद आहे.

तासाला बसणं

हे मुख्य काम आणि हेच लोक टाळतात. वहीचं पान उभं चार भागांत करा, वेळ, पडद्यावर काय, शिक्षक काय करतायत, मुलं काय करतायत. दर पाच मिनिटांनी एक ओळ. एवढंच. तास कधी सुरू झाला आणि पडद्यावर पहिलं चित्र कधी आलं ह्यातली मिनिटं वेगळी लिहा, कारण वायर शोधणं, रिमोटचे सेल, नेट नाही म्हणून स्वतःचा हॉटस्पॉट, ह्यात पस्तीस मिनिटांच्या तासातली दहा-बारा सहज जातात, आणि 'शिक्षक तंत्रज्ञान वापरायला उत्सुक नाहीत' असं जे निष्कर्षात लिहिलं जातं त्याचं खरं कारण बरेचदा ही दहा मिनिटं असतात.

व्हिडिओ चालू असताना पडद्याकडं बघू नका, मुलांकडं बघा. शेवटच्या रांगेतल्या मुलीला दिसतंय का? गुरुजी मध्ये थांबवून प्रश्न विचारतात की नाही? थांबवलं तर उत्तर तीच तीन मुलं देतात की दुसरी कुणी? मोबाईल किंवा टॅब गटात दिला असेल तर तो धरला कुणी, बोट कुणाचं चाललंय, हे लिहा. मुलगे धरतात आणि मुली मान लांब करून बघतात, असं मी दोन वेगवेगळ्या शाळांत बघितलं, आणि तिसऱ्या शाळेत बाईंनी दर पाच मिनिटांनी टॅब पुढं सरकवायचा नियम केला होता तिथं असं नव्हतं. नियम फुकटचा होता, टॅब महागाचे.

पहिले तीन दिवस मुलं तुमच्याकडंच बघणार, वहीत डोकावणार, 'काय लिहूलालाव मॅडम' विचारणार. त्यांना वही दाखवा, खरं सांगा. ते तीन दिवस मोजायचे नाहीत.

बोलणं

शिक्षकांना 'तुम्ही तंत्रज्ञान वापरता का' असं विचारू नका, 'काल दिवसभरात मोबाईल कशाकशाला हातात घेतला ते सकाळपासनं सांगा' असं विचारा. मग जे बाहेर येतं त्यानं मी हादरले होते. पोषण आहाराची रोजची नोंद, ऑनलाईन हजेरी, सरल ह्या सरकारी पोर्टलची माहिती, यूडायसची दुरुस्ती, कसल्यातरी लिंकवर उपक्रमाचे फोटो, आणि ग्रुपवर 'आजच माहिती भरा' चा मेसेज. म्हणजे शाळेत डिजिटल आहे, रोज आहे, भरपूर आहे, पण ते शिकवण्यात कमी आणि माहिती वर पाठवण्यात जास्त आहे. दोन शिक्षकी शाळेत एकजण हे करत बसला की दुसऱ्याकडं चार वर्ग. नवीन संशोधक ह्याला 'प्रशासकीय' म्हणून बाजूला ठेवतात आणि मला वाटतं ही फार मोठी चूक आहे. शिक्षकाचा दिवस एकच असतो, त्यातनंच सगळं जातं. आठवड्याची मिनिटं मोजा, हे शिकवण्याला गेले, हे नोंदींना गेले, एवढा एक तक्ता केला तरी तुमचं काम उपयोगाचं झालं.

घरच्यांशी बोलायला संध्याकाळी जा. शहरात पूर्व भागात गेलात तर घरात तेलुगू, आई विड्या वळत बसलेली, तिच्याशी मराठी प्रमाणभाषेतले प्रश्न वाचून दाखवून काही होत नाही, सोबत ती भाषा येणारं कुणीतरी न्या आणि प्रश्न आधी त्यांच्याकडनं बोलून घ्या. घरात फोन आहे का हा प्रश्न आता फारसा कामाचा राहिला नाही. असर ह्या मुलांच्या शिक्षणावरच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो असं दिसलं, त्यातल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरलेला आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. तेव्हा विचारायचं ते असं, फोन कुणाचा, तो घरी किती वाजता येतो, रिचार्ज संपल्यावर किती दिवस तसाच राहतो, भाऊ आणि बहीण दोघांना अभ्यास असेल तर कुणाला मिळतो.

शाळा विकासाचा भाग

तुमच्या टॉपिकात 'शाळा विकास' शब्द असेल तर शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त मागा. शिक्षण हक्क कायद्यात, २००९ च्या, ह्या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला पाहिजेत, आणि शाळा विकास आराखडा करायचं काम तिचं आहे. आराखड्यात डिजिटलसाठी काय लिहिलंय, वस्तू लिहिल्यात की वीजबिल, दुरुस्ती, नवीन शिक्षकाला शिकवणं हेही लिहिलंय? मागची तीन-चार वर्षं ओळीनं वाचली की शाळा कुठल्या दिशेला चाललीय ते दिसतं. वीजबिलाची फाईलही बघू द्या म्हणा. लाईट तोडलेल्या शाळेतला स्मार्ट टीव्ही हा विनोदाचा विषय करू नका, तिथले मुख्याध्यापक स्वतःच्या खिशातनं बिल भरत असतात, तेही लिहून घ्या.

नावं, फोटो, रेकॉर्डिंग

मुलांचे फोटो काढू नका. खरंच नका काढू, प्रबंधाला त्याची गरज नसते. २०२३ च्या वैयक्तिक डेटाच्या कायद्यात १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूलच धरलंय आणि त्यांची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते. संमतीपत्र मराठीत, एका पानाचं, सोप्या भाषेत करा, वाचता न येणाऱ्या पालकांना वाचून दाखवा, आणि मुलालाही वेगळं विचारा, नको म्हणालं तर नको.

शाळेचं नाव बदलणं एवढ्यानं भागत नाही. 'बार्शी तालुक्यातली, ओढ्याकाठची, दोन शिक्षकी, नुकताच प्रोजेक्टर मिळालेली शाळा' असं लिहिलंत की अख्ख्या केंद्राला कळतं कुठली ते, आणि त्या गुरुजींनी तुम्हाला विश्वासानं सांगितलेलं त्यांच्या अंगाशी येतं. माझ्या हातनं असं होता होता राहिलंय, छापायच्या आधी एका मैत्रिणीनं वाचून लगेच शाळा ओळखली म्हणून. तेव्हापासनं मी तालुका लिहीत नाही, आणि दोन शाळांच्या बारीकसारीक खुणा गाळून टाकते. विद्यापीठात संशोधनाच्या नैतिकतेची (एथिक्स) समिती असेल तर तिच्याकडं फील्डवर जायच्या आधी जा, नंतर नाही.

लिहिणं, छापणं आणि परत जाणं

मुलाखत ज्या दिवशी झाली त्याच रात्री उतरवा, मशीननं टाईप करून घेतलीत तर परत ऐकून तपासा, आपल्याकडची बोली मशीनला नीट कळत नाही, आणि शिक्षकांचे शब्द प्रमाण मराठीत सुधारू नका. छापायच्या बाबतीत एकच सांगते, यूजीसीनं केअर यादी (मान्य जर्नलांची यादी) फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळं जर्नल चांगलं की वाईट हे आता तुम्हाला आणि गाईडलाच तपासायचंय. पैसे भरा, आठवड्यात छापतो म्हणणाऱ्यांपासनं लांब राहा. संपादक मंडळातल्या दोघातिघांना ईमेल करून विचारा, खरंच तुम्ही ह्यात आहात का.

आणि प्रबंध जमा करायच्या आधी प्रत्येक शाळेत परत जा. दोन पानांचा मराठी गोषवारा न्या, त्या शाळेत तुम्हाला काय दिसलं एवढाच, बाकी शाळांशी तुलना नको, मार्क नकोत. मुख्याध्यापकांना आणि ज्यांच्या तासाला बसलात त्या शिक्षकांना वाचायला द्या, सोबत पेन्सिल द्या आणि चुकलं असेल तिथं खूण करा म्हणा. एका शाळेत मी 'व्हिडिओनंतर चर्चा झाली नाही' असं लिहिलं होतं, बाईंनी शेजारी लिहिलं, 'दुसऱ्या दिवशी परिपाठात झाली, तुम्ही तेव्हा पोचला नव्हता, एसटी लेट होती.' मी हजेरीची नोंद काढून बघितली, खरं होतं. ते वाक्य बदललं, आणि उरलेल्या तीन शाळांत परिपाठाच्या आधी पोचायला लागले.